लहान इंजिनाचा हट्ट

प्रिय बेडके,

हे पत्र कुरियरने पाठवतोय, म्हणजे गुरुवारी तुझ्या हातात पडेल. फोन असताना मामाला पत्राची हुक्की कुठून आली, म्हणून तू हसशील. हस. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? मी घसा खाकरेपर्यंत तुझी चार वाक्यं होतात, पाचव्याला तू मला हसवतेस आणि सहाव्याला ठेवते रे मामा म्हणून मोकळी होतेस. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही. तेव्हा एका जागी नीट बस आणि शेवटपर्यंत वाच. शनिवारी दुपारी तळ्यावर नोंदणी बंद होते आणि रविवारी रेस आहे. बोटीच्या मागच्या फळीवर मोठं इंजिन चढवायचं की लहान, एवढाच प्रश्न उरलाय असं तू समजतेस. मीही परवापर्यंत तसंच समजत होतो. आता मात्र त्या एका प्रश्नाने माझा जीव टांगणीला लागलाय, आणि इकडे वर्कशॉपमध्ये माझ्या हातून एक धड काम होत नाहीये. सकाळी एका गिऱ्हाइकाच्या इंजिनात ऑइल भरायचं विसरलो आणि वर त्यालाच रागावलो.

आधी माझा राग काढून घेतो, म्हणजे पुढचं सरळ लिहिता येईल. हिवाळाभर तू माझं डोकं खाल्लंस की आता मोठ्या वर्गात उतरायचं. मधल्या वर्गात राम उरला नाही, तेच ते आठ जण, कोण कुठल्या वळणावर कच खातो ते पाठ झालंय, असं तुझं म्हणणं. मी नको नको म्हणत होतो. मोठ्या इंजिनाची ओढ वेगळी, सरळ पट्ट्यात बोटीचं नाक उचललं गेलं तर ती उलटी व्हायला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ लागत नाही, हे मी तुला सांगून दमलो. पण तू ऐकशील तर ना. शेवटी इंजिन आलं. खोका मला उघडू दिला नाहीस. स्वतः उघडलास, आत डोकं घालून वास घेतलास आणि ताईला फोन करून सांगितलंस की घरात नातू आलाय. ताईने आधी फोन आपटला आणि मग परत करून विचारलं की जेवलात का दोघं. पाण्याच्या पिंपात ठेवून ते इंजिन मी किती दुपारी नुसतं फिरवलं, शेजारच्या शिंप्याने कानात कापूस घालून शिवणकाम केलं, आणि आता कुठे ते रुळायला लागलं तर तू म्हणतेस, मामा, आपण लहान वर्गात जाऊ.

लहान वर्ग म्हणजे आपलं तेच जुनं इंजिन. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बारीक भोकाची चकती बसवली की त्याचा गळा आवळला जातो, मधल्या वर्गाचं इंजिन लहान वर्गाचं होतं, आणि आजूबाजूला सगळी शाळा-कॉलेजातली मुलं. गेल्या वर्षी त्या वर्गाला पाळणाघर कोण म्हणालं होतं? मी तर नाही. आणि तुझं समर्थन तर काय, वकिलाने मान खाली घालावी असं. मोठं इंजिन अजून कच्चं आहे, मधल्या वर्गात नोंदण्या कमी झाल्यात, लहान वर्गात खरी चुरस असते, शिवाय आईला काळजी वाटते. आईला काळजी वाटते हे तुला आजवर कधी आठवलं होतं, सांग बरं. मी फोन ठेवला तेव्हा रागावलो होतोच, पण खोटं कशाला बोलू, मनातून मला हायसंही वाटलं होतं. लहान इंजिन, कमी वेग, आणि ताईचे टोमणे बंद. मी तुझ्या मामीला म्हणालोसुद्धा की पोरगी एकदाची शहाणी झाली. तुझी मामी माझ्याकडे बघून परत भाजी चिरायला लागली. ती अशी बघते तेव्हा मला भीती वाटते.

तुझी पहिली बोट आठवते तुला? मला त्या बोटीपेक्षा तुझं रडणं जास्त आठवतं. धक्क्यावरून धपाधप उड्या मारणारी, पाण्याला न भिणारी बेडकी तू, आणि त्या दिवशी बोटीच्या तळाला मी शिशाच्या पट्ट्या आवळतोय हे बघून भोकाड पसरलंस. मामा मला बुडवायला निघालाय म्हणून सगळं तळं गोळा केलंस. मग तुला मांडीवर घेऊन समजावलं होतं की आपल्या खेळात हलकं असून भागत नाही. रेस संपली की बोट, इंजिन आणि चालक, तिघांचं वजन मिळून करतात. प्रत्येक वर्गाची खालची मर्यादा ठरलेली. बेरीज त्याच्याखाली गेली की पहिला आलेलासुद्धा बाद. तू होतीस काडी पहिलवान, म्हणून तुझ्या वाट्याचं कमी पडणारं वजन शिशाने भरायचं. तुला ते पटलं, पण आवडलं नाही. पुढे तू वाढत गेलीस तशी एकेक पट्टी आपण काढत गेलो. पट्टी निघाली की तू ताईला ओरडून सांगायचीस, आणि ताई म्हणायची, बरं झालं, खाल्लेलं कुठेतरी अंगी लागतंय. शेवटची पट्टी काढली तेव्हा तू माझ्या खांद्याच्या वर गेली होतीस आणि मला म्हातारा म्हणायला लागली होतीस.

मला स्वतःलाही शिसं कधी आवडलं नाही, आणि त्याचं कारण मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. ते एका जागी बसून राहतं. आपल्या बोटीत चालक गुडघ्यांवर असतो, आणि त्याचं सगळं कसब त्याच्या अंगाच्या वजनात असतं. नाक उचलायला लागलं की पुढे झेपावायचं, वळण आलं की आतल्या बाजूला अंग लोटायचं. जिवंत वजन असेल तरच ते जमतं. काट्यावर बेरीज तीच येते, पण पाण्यावर ती बोट तीच नसते. तू वळणावर अंग टाकतेस ना, ते बघायला मी दुर्बीण घेऊन उभा असतो. पहिला नंबर आला की नाही हे मला लोकांकडून कळतं.

म्हणून या वर्षीच्या पहिल्या रेसनंतर मी जो तमाशा केला तो तू समजून घे. दुसरी आलीस, मी हारतुरे घ्यायच्या तयारीत, आणि काटेसाहेब शांतपणे म्हणाले की वजन कमी भरतंय, बाद. मी त्या सज्जन माणसाला नाही नाही ते बोललो. इतकी वर्षं तो काट्याशी उभा आहे, त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही, म्हणून तर आपण सगळे त्याला काटेसाहेब म्हणतो. पण मी म्हणालो की तुमचा काटा गंजलाय. त्याने प्रमाण वजन चढवून दाखवलं. काटा बरोबर होता. आपली मधल्या वर्गाची बोट, तीच बोट, तेच इंजिन, तीच तू, आणि गेल्या मोसमात शिशाशिवाय आरामात भरत होतो. तू हसून म्हणालीस, मामा, तू बोट घासून घासून पातळ केलीस. आणि मला ते पटलं. कारण हिवाळ्यात मी तिचा जुना रंग उतरवून नवं वॉर्निश दिलं होतं आणि प्लायवूड उन्हात चांगलं वाळवलं होतं. लाकडाने पाणी सोडलं असणार, असं मी धरून चाललो. एक पट्टी तळाला आवळली आणि विषय संपवला.

पुढच्या रेसला जेमतेम भरलं. त्याच्या पुढच्या रेसला परत कमी. आता मात्र माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. लाकूड एकदा वाळतं, दर पंधरवड्याला वाळत नाही. मी बोट वर्कशॉपमध्ये टांगून तोलली. इंजिन तोललं. पंखा काढून वेगळा तोलला. तुझं हेल्मेट, जॅकेट, बूट, सुकाणूची तार, अगदी पेट्रोलची रिकामी टाकीसुद्धा तोलली. तुझी मामी म्हणाली, आता मला तोला म्हणजे झालं. प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे होती, रतीभर फरक नाही. बोट होती तेवढीच भरली, उलट वॉर्निशने किंचित जड झाली होती. एवढं सगळं तोलून झाल्यावर एखाद्या शहाण्या माणसाला कळलं असतं. मला नाही कळलं. मी काट्याच्या दुकानात जाऊन माझाच काटा तपासून आणला.

आणि मग गेली रेस. सुरुवात तू नेहमीसारखी सुरेख साधलीस. किनाऱ्यावरच्या घड्याळाचा काटा वर यायला आणि तुझं नाक रेषेवर यायला गाठ पडली. पहिलं वळण झकास. दुसरं वळण मात्र तू लांबून घेतलंस, आतली जागा मोकळी असताना. आणि नंतरच्या सरळ पट्ट्यात, जिथे थ्रॉटलची मूठ आवळून धरायची आणि डोळे मिटले तरी चालेल अशा ठिकाणी, इंजिनाचा आवाज खाली बसला. एकदा, आणि थोड्या वेळाने परत एकदा. मागून दोन बोटी अंगावर येत होत्या. मूठ सोडली की थ्रॉटल आपोआप मिटतं, ते आपल्याच जिवासाठी तसं केलेलं असतं, पण भर वेगात पुढची बोट अचानक मंदावली तर मागच्याने जायचं कुठे? त्याने कशीबशी बाजू काढली. तू आलीस ती पाचवी. म्हणालीस, इंजिनाने आचका दिला. मी कार्ब्युरेटर उघडला, प्लग बदलले, पेट्रोलची नळी फुंकून बघितली, टाकीतला गाळ काढला. एका इंजिनात जेवढं शोधता येतं तेवढं शोधलं. त्यात काही नव्हतं. मग तुझाच फोन आला की मामा, थ्रॉटलच्या मुठीची स्प्रिंग जरा मऊ कर ना, फार कडक झालीये. ती स्प्रिंग तीन वर्षांत बदललेली नाही, बेडके.

त्या दिवशी धक्क्याला लागल्यावर तू लगेच उठली नाहीस. हेल्मेट काढून तशीच बसून राहिलीस, बोटीच्या कडेला धरून. मी हात पुढे केला तर तू तो दोन्ही हातांनी धरलास. आजवर तू माझा हात धरून बोटीतून उतरलेली नाहीस, उलट मीच घसरेन म्हणून मला ओरडतेस. मी काही विचारायच्या आत तू म्हणालीस की म्हाताऱ्याला आधार द्यावा लागतो. मी हसलो. आपल्या घरात हसलं की विषय संपतो, ही आपली वाईट खोड आहे. तुझ्या मामीने मात्र तुझं जॅकेट वाळत घालताना पट्टे बघितले. शेवटच्या भोकात आवळलेले, आणि त्याच्याही पुढे सुईने पाडलेलं नवं भोक. तिने ते मला चार दिवसांनी सांगितलं, कारण तिला वाटत होतं की मी स्वतः विचारेन.

आणि तरीसुद्धा माझी ट्यूब पेटली नव्हती. ती तूच पेटवलीस, परवाच्या फोनवर. लहान वर्गाची बाजू मांडता मांडता तू म्हणालीस की मामा, वजनाची तर काळजीच सोड, मी हिशेब केलाय, एकही पट्टी न लावता अगदी बरोबर बसतंय. फोन ठेवल्यावर ते वाक्य माझ्या कानात राहिलं. मोठ्या बाईला लहान वर्गात बरोबर कसं बसेल? तिथे तर आपण नेहमीच जड ठरायचो, म्हणून तर तो वर्ग तू सोडलास. मी खडू घेतला आणि फरशीवर वजाबाकी मांडली. लहान वर्गाची ठरलेली मर्यादा, त्यातून बोट वजा, इंजिन वजा, हेल्मेट-जॅकेट वजा. आठवडाभर तोलत होतो, सगळे आकडे तोंडपाठ होते. खाली जो आकडा उरला तो मी दोनदा तपासला. तो आकडा मी याआधी पाहिलाय, बेडके. तू शाळेत होतीस तेव्हा. मी खाली बसलो तो गिऱ्हाईक येऊन हाका मारेपर्यंत उठलो नाही.

तेव्हा कळलं की तू इंजिन निवडतच नव्हतीस. मोठ्या वर्गाची मर्यादा वरची, तिथे मी आणखी पट्ट्या आवळणार आणि आवळता आवळता विचारणार. मधल्या वर्गात तर मी विचारायला लागलोच होतो. लहान वर्गात शिसं लागणार नाही. शिसं नाही म्हणजे मामाचा प्रश्न नाही, काटेसाहेबांची मान हलणं नाही, मामीची नजर नाही. सगळं कसं बरोबर बसतंय. माझीच भाची, डोकं चालतं तुझं. फक्त ज्याला अख्खा आठवडा तोलण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता, त्यालाच तू आकडा सांगून बसलीस.

तुला काय होतंय ते मला माहीत नाही. फार काही नसेल. ऑफिसात उपाशी राबत असशील, किंवा अंगात लोह कमी असेल, किंवा औषधाने जाईल असं दुसरं काही. आणि तसं नसेल, तर तेही मला कळायला हवंय. तू डॉक्टरकडे का जात नाहीस ते मात्र मला कळतं. आपल्याबरोबर रेसला उतरणारा लांब्या काठावर चक्कर येऊन पडला, डॉक्टरांनी त्याला बोटीत बसायला बंदी केली, आणि तो परत तळ्याकडे फिरकला नाही. घरी जाताना ट्रकमध्ये तू म्हणाली होतीस की मला असं कुणी सांगितलं तर मी ऐकणार नाही. मी तेव्हा तुझ्याकडे बघितलं नाही, रस्त्याकडे बघत होतो. त्याला बंदी झाली म्हणून आपण सगळे हळहळलो. तो आज जिवंत आहे, पोरांना सायकल शिकवतो, याचं आपल्यापैकी कुणालाच काही वाटलं नाही. कसली माणसं आहोत आपण.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो, म्हणजे शनिवारी ट्रकसमोर उभी राहून माझ्याशी भांडण्यात तुझी ताकद जायला नको. दोन्ही इंजिनं मी आज दुपारी उघडली. लहान आणि मोठं, दोन्ही. पिस्टन, रिंगा, क्रँक, सगळं सुटं करून रॉकेलच्या ट्रेमध्ये भिजत घातलंय, आणि ती जोडायला मी हात लावणार नाही. दुसऱ्या कुणाकडून जोडून घ्यायचं म्हणशील तर विचारून बघ, तो तयार होणार नाही, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. तळ्यावर दिलेलं तुझं नाव मी काढून घेतलं. ताईला अजून काही बोललो नाही, ते आपण दोघं मिळून बोलू, आणि तिच्या शिव्या मी आधी खाईन. शुक्रवारी सकाळी मी तुझ्याकडे येतोय, ट्रेलर न जोडता, आणि आपण डॉक्टरकडे जाणार आहोत. आत तू जा, बाहेर मी बसतो, हवा तेवढा वेळ. डॉक्टरांनी तुला परत बोटीत बसू दिलं तर सगळ्यात आधी मीच पाने-पकड घेऊन बसेन, हे तुला माहीत आहे. पण ते नंतर. मला फार भीती वाटतेय, बेडके, आणि एवढी भीती मला तुला मोठ्या इंजिनावर डोळ्यांसमोर आणूनसुद्धा वाटली नव्हती. तुझ्यातलं जेवढं कमी झालं तेवढं शिसं ठेवलं की काट्याचं समाधान होतं. ते शिसं मला मामा म्हणत नाही. शुक्रवारी दार उघड.

तुझाच,
मामा